ताईच्या खाटेवरचं पानिपत

१ ऑक्टोबर १९९८, दसरा

आज पहाटे जाग आली ती एका आवाजाने. पितळी डब्यात चिंचोके पडल्याचा आवाज. आधी मूठभर एकदम, खळ्ळकन. मग राहिलेले एकेक, टण्... टण्... उठून बसलो तर घरात सगळं शांत. हा आवाज ऐकून साठाहून अधिक वर्षं झाली असतील.

अंगणात आम्ही पानिपत मांडायचो. मी आठ वर्षांचा, गोदाताई सतरा. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी परतली ती कायमची. मी नेहमी मराठे, ती अब्दाली. फौजा चिंचोक्यांच्या. दरवेळी मीच जिंकायचो, आणि भुजंगप्रयातातल्या शाळेच्या कविता ओरडत अंगणभर नाचायचो. ताई मात्र डबा घेऊन चिंचोके मोजत बसायची. एक जरी कमी भरला तरी दिवेलागण होईतो तुळशीच्या कट्ट्याखाली हात घालून शोधायची. "बेचाळीस झाले. लाव आता झाकण, चिंतू."

आज ते सारं आठवायला कारण आहे. आजपासून मी खरोखरच पानिपत खेळणार आहे. इंग्लंडात राहणारा माझा एक जुना विद्यार्थी गणपतीत आला होता, त्याने नियमांचं एक पुस्तक दिलं. तिकडे म्हणे पोक्त, पेन्शनीतली माणसं बोटभर उंचीचे शिपाई घेऊन आख्खी मोहीम लढतात. एकच लढाई नव्हे, एकीतून दुसरी. आज मेलेला शिपाई पुढच्या लढाईत मिळत नाही. आज संपलेलं धान्य उद्या कुठून येणार नाही. महिनाभर खपून मी नियम मराठीत आणले, एकंदर एकतीस. इतिहासातला निकाल बांधलेला नाही, हे सर्वांत मोठं. म्हणजे जिंकता येईल! एकाहत्तराव्या वर्षी हे कळून अंगावर काटा आला.

समोरचे हवालदार धोंडू साळवी अब्दाली व्हायला तयार झाले. पलटणीत वीस वर्षं काढलेला माणूस. मी म्हटलं, "हवालदार, तुम्हांला वाईट नाही वाटणार?" तर म्हणाले, "कुनीतरी व्हायला पायजे ना, मास्तर? आनि जिंकनाऱ्या बाजूला जायची मना कंदी लाज नाय वाटली."

दोघांनी आपापले हुकूम चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचे आणि पंचाला द्यायचे. खरा नकाशा एकट्या पंचाजवळ. पंच कोण? दोघांचं एकमत झालं: कमला. माझी बायको फितूर होणार नाही याची शत्रूलाही खात्री.

४ ऑक्टोबर

रणभूमी कुठे मांडावी हा प्रश्न होता. जेवणाच्या टेबलावर कमला भाजी निवडते. शेवटी ताईच्या खोलीतली खाट नक्की केली. खोली रिकामीच आहे. ताई गेल्या चैत्रात विहिरीपाशी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि जूनमध्ये तिला चिपळूणच्या अलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवली, पावसाळ्यापुरती. तिथे उचलायला-बसवायला माणसं आहेत.

खाटेवर प्लायवुडची फळी टाकली. फळीवर ताईची गोधडी घडी-चुणी करून पसरली, वर हिरवी चादर. टेकाडं काय सुरेख उठली आहेत! निळ्या रिबिनीची यमुना.

कमला दारात उभी राहून बघत होती. "आणि ताई आल्या की?"

"दिवाळीनंतर येणार ना? तोवर."

"पाऊस तर गेला," म्हणाली, आणि आत गेली.

११ ऑक्टोबर

केरूच्या गणपतीच्या कारखान्यातून शिपाई आले. शाडूचे, दोन-दोन पेरांचे. एक शिपाई म्हणजे पाचशे माणसं. पेटी उघडली आणि मी हबकलोच. गणपतीचा उरलेला रंग वापरलाय लेकाने! अब्दालीचे सगळे गिलचे गुलाबी, पोटं किंचित पुढे, आणि डोळे... अहो, तेच डोळे! अर्धोन्मीलित, कृपाळू. त्यांच्यावर तोफ डागायची कशी?

"केरूचा हात दुसरा डोळा काडतच नाय," हवालदार म्हणाले. "आसू दे. मारताना आशीर्वाद देतील."

लढत नाहीत अशा माणसांसाठी, म्हणजे यात्रेकरू, बायका, म्हातारे, बाजारबुणगे यांच्यासाठी, शिपाई केले नाहीत. त्यांना चिंचोके. कमलाने स्वतः फोडलेल्या चिंचेतले काढून, धुऊन, उन्हात वाळवून दिले. किती, तर तिनेही बेचाळीसच दिले. तिला मी कधी सांगितलं होतं कोण जाणे.

दिल्ली आजच घेतली. अगदी सहज.

२२ ऑक्टोबर, भाऊबीज

कुंजपुरा पडला! दोन तासांत! फासे माझ्या हातून नुसते अनुष्टुभात पडत होते. किल्ल्यातलं धान्य सगळं माझ्या गोटात. हवालदारांनी उठून सलाम ठोकला.

दरवर्षी आजच्या दिवशी ताई मला ओवाळते. यंदा मीच तिकडे जायला हवं होतं हे खरं, पण लढाईची तारीख आधीच ठरलेली, आणि हवालदार पुढचा आठवडाभर गावी जाणार. लुगडं पोस्टाने पाठवलं आहे. पत्रात कुंजपुऱ्याचं सविस्तर वर्णन केलं, तिला आवडेल.

कमलाने संध्याकाळी निरांजन लावून पाटासमोर ठेवलं आणि पाट रिकामाच ठेवला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "काही नाही. सवय."

८ नोव्हेंबर

आज बसल्या जागी गारठलो.

पंचाची चिठ्ठी उघडली: "शत्रू बागपताशी यमुना उतरून अलीकडे आला. तुमचा दिल्लीचा रस्ता तुटला." कमलाचं वळणदार अक्षर, जणू वाण्याची यादी.

हे पानिपतातच घडलं होतं. हेच, असंच! शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी वर्गात बाकावर हात आपटून विचारत असे, "नदीवर चौक्या का नव्हत्या?" आणि आज माझ्याही चौक्या नव्हत्या. मी दोन आठवडे कुंजपुऱ्याच्या विजयावर श्लोक रचत होतो.

"मास्तर, नदी कोन राखत हुता?" हवालदारांनी सुपारी कातरत विचारलं. "कविता?"

जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर

ताईचं कार्ड. अक्षर आता फार हलतं. लिहिते, "कुंजपुरा वाचून आनंद झाला. चौक्या बसवल्यास का? मी आता कठड्याला धरून बारा पावलं चालते. इथली माणसं चांगली आहेत. तुळशीला पाणी कोण घालतं?"

चौक्यांचं तिला कसं सुचलं! फक्त चौथी झालेली बाई. मी शाळेच्या कविता पाठ करायचो तेव्हा ती चुलीपुढे बसून ऐकायची. माझ्या आधी तिच्या पाठ व्हायच्या. गण चुकला की फुंकणी आपटून दाखवायची.

कमला म्हणाली, "बारा पुष्कळ झाली. त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत आठच आहेत. मोजलीत मी."

मी म्हटलं, पानिपताचा वेढा फुटू दे, मग आणूच.

६ डिसेंबर

दोन चकमकी हरलो. फौज पानिपत गावात कोंडली आहे. सगळ्यात वाईट म्हणजे चिंचोके. चिंचोके खातात! एकतीस नियमांत हा मीच घातला: लढणाराही खातो, न लढणाराही तितकंच खातो. आणि ते बरोबर असले की चालीचा वेग निम्मा.

हवालदारांना सहज म्हणून विचारलं, "खऱ्या लढाईत हो, चालता न येणारी माणसं मागे ठेवतात का?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "ठेवतात. एकाहत्तरला आमीपन ठेवला हुता येकाला. सांगितला, थांब, येतो. चांगल्या ठिकानी ठेवला, पानी दिला, बिस्किटा दिली."

"मग?"

"मग काय? आमी गेलो पुढं. मागं ठेवलेला मानूस, मास्तर, तो काय लगेच मरत नाय. तो वाट बगतो."

त्या माणसाचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. शत्रूकडून असल्या गोष्टी ऐकून मन कच्चं करून घेऊ नये.

२७ डिसेंबर

धान्य झपाट्याने उतरतंय. आश्रमाच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं: गोदाबाईंना नेणार की कायम इथेच ठेवणार, महिनाअखेरपर्यंत कळवावे. बाईंना विचारले असता "भावाला विचारा" म्हणतात.

ते पत्र नियमांच्या वहीत खुणेला घालून ठेवलं. कमलाला इतकंच सांगितलं की ताईला तिथे करमायला लागलंय, तिलाच यायचं दिसत नाही.

"असं लिहिलंय त्यांनी?"

"साधारण असंच."

तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत मी असा बघायचो, गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोरांकडे.

३० डिसेंबर

दिवसभर डोक्यात एकच. शेवटी दुपारी ठरवलं. कमला शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. टेबलाशी बसून दोन्ही कामं उरकून टाकली.

एक, मोहिमेचा हुकूम: "जे चालू शकत नाहीत, म्हातारे, आजारी, बायका, यात्रेकरू, त्यांना आहेत तिथेच ठेवावे. पंधरा दिवसांचे धान्य द्यावे. त्यांना घेऊन पुढे जाणे आता शक्य नाही. जमल्यास मागाहून नेऊ." सेनापतीने हळवं होऊन चालत नाही. आता माझी फौज दुप्पट वेगाने दक्षिणेला सुटेल आणि अब्दालीला हव्या त्या मैदानावर गाठेल. जे दोनशे सदतीस वर्षांपूर्वी केलं नाही ते मी करणार आहे!

दोन, ताईला पत्र. तुझी सोय तिथे उत्तम आहे, कायमचंच राहावंस हे बरं, पावसाळ्यानंतर पुन्हा बघू. कमलाच्या गुडघ्यांचं कारण दिलं. तिला आता झेपत नाही, तिचाच आग्रह आहे, असं लिहिलं. अगदी खोटं नाही. गुडघे दुखतातच.

शाळेतून निवृत्त होताना आणलेली खाकी पाकिटं अजून पुरतात. तेवढ्यात फाटक वाजलं, कमला आली. तिने ताईचं पत्र बघू नये म्हणून घाईघाईने दोन्ही पाकिटं डकवून टाकली. मग एकावर आश्रमाचा पत्ता घालून स्वतः पेटीत टाकून आलो. दुसरं पंचाच्या हाती दिलं.

मोकळं वाटतंय.

३१ डिसेंबर

सकाळी चहा मिळाला नाही. मीच केला.

"माझा हुकूम मिळाला ना?" मी विचारलं.

"मिळालं पाकीट."

"वाचलंस?"

"दोनदा वाचलं."

"मग? पंचाचं काय मत?"

"पंचाला मत नसतं," ती म्हणाली आणि विहिरीवर गेली. डोळे लाल दिसत होते. बेचाळीस चिंचोके मागे ठेवले म्हणून! मी थक्क झालो. हौसेने धुऊन वाळवले होते हे मान्य, पण शेवटी चिंचोके ते चिंचोके.

३ जानेवारी १९९९

काहीतरी भयंकर चुकतंय. मी चार कोसांची चाल लिहिली, पंचाचं उत्तर आलं: "दोन कोस." धान्य पंधरा दिवस तरी पुरायला हवं, तर "धान्य चार दिवस."

"कमला, तुझं गणित चुकलंय. बुणगे बरोबर असले तर वेग निम्मा. माझे तर मागे आहेत."

"माझं गणित बरोबर आहे."

याउपर एक शब्द नाही. चार दिवस झाले, माझ्याशी बोलते ती पंच म्हणूनच. बायको म्हणून घरात कोणी आहे असं वाटत नाही. जेवायला वाढते, पाठ फिरवते. बेचाळीस वर्षांच्या संसारात असा अबोला पाहिला नव्हता. समजूत काढायला म्हटलं, "जिंकलो की त्यांना परत आणू गं." तर हातातली पळी तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "कोणाला?"

"यात्रेकरूंना."

पळी जोरात ठेवली.

९ जानेवारी

धक्क्यावर धक्के! आज वाचनालयातून परत आलो तर ओटीवर कमला आणि हवालदार, डोकं डोक्याला लावून हळू आवाजात बोलताहेत. तिच्या हातात खाकी पाकीट. मला पाहताच दोघं गप्प. हवालदारांनी उगाच छपराकडे पाहिलं. "कौला शाकारायला झाली वो तुमची."

पंच आणि शत्रू! नियम अकरा: पंचाने कोणत्याही सेनापतीशी एकट्याने बोलू नये. मी तसं स्पष्ट सुनावलं.

हवालदार म्हणाले, "मास्तर, लढाईचा येक शबुद बोललो नाय. आईशपथ." आणि जाता जाता, "मी संक्रांतीला जरा उशिरा येईन. चिपळूनकडं काम हाय."

अंतिम लढाई संक्रांतीला ठरली आहे. त्या दिवशी उशीर? अब्दाली घाबरला की काय! की फितुरी? घरातच फितुरी?

१३ जानेवारी, भोगी

जसं घडलं तसं लिहितो.

उद्याच्या लढाईसाठी पंचाने आज दोन्ही फौजा मांडायच्या होत्या. कमला चारच्या सुमारास ताईच्या खोलीत गेली. मी दारात खुर्ची घेऊन बसलो. तिने गुलाबी गिलचे मांडले. माझ्या तोफा मांडल्या, घोडदळ मांडलं. मग पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि माझ्या फौजेच्या पाठीशी, गोधडीच्या खोलगटात, एकेक करून चिंचोके ठेवू लागली.

मी ताडकन उठलो. "हे काय? हे इथे कसे?"

"एकतीस, बत्तीस..."

"अगं, हे पानिपतात ठेवले मी! पंधरा दिवसांचं धान्य देऊन! लेखी हुकूम आहे!"

"...एकेचाळीस, बेचाळीस." तिने कंबर सरळ केली. "तसा हुकूम मला मिळाला नाही. हुकूम मिळाला नाही तर तुकडी फौजेबरोबरच राहते. नियम कितवा?"

"सातवा. पण मी तीस तारखेला तुझ्या हातात पाकीट..."

तिने फडताळातून पाकीट आणून माझ्यापुढे धरलं. आत माझंच अक्षर. "ती. गोदाताईस सा. न. वि. वि."

पुढचं वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. "कमलाचाच आग्रह आहे" या ओळीशी थांबलो. तिथे शाई पसरली होती. पाण्याचा थेंब पडावा तशी.

कागदाची घडी घालून पाकिटात परत ठेवला.

कमला म्हणाली, "त्यांचे पाय मी चेपले बेचाळीस वर्षं, आणि माझ्या बाळंतपणात त्यांनी माझे. मी आग्रह केला?" आवाज चढला नव्हता. "चिंचोक्यांसाठी रडत नव्हते मी. इतकी वर्षं पोरांना कवितांचा अर्थ सांगितलात ना?"

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ही वीज आधी पडलेल्या विजेहून मोठी. हे पाकीट इथे. मग तिथे काय गेलं?

"जे चालू शकत नाहीत त्यांना आहेत तिथेच ठेवावे."

माझ्या ताईने हे वाचलं. माझ्या सहीचं. कठड्याला धरून बारा पावलं चालून दारापर्यंत आली असेल पत्र घ्यायला. कदाचित पंधरा. "पंधरा दिवसांचे धान्य द्यावे."

कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन आश्रमात फोन लावला. तीनदा लावला, घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. आता आठवत बसलोय की अंगणात अब्दाली दरवेळी कसा हरायचा. सतरा वर्षांची शहाणी मुलगी आठ वर्षांच्या पोराकडून दरवेळी कशी हरेल? हा प्रश्न मला त्रेसष्ट वर्षांत पडला नाही.

उद्या सकाळच्या गाडीने चिपळूण.

१४ जानेवारी, संक्रांत

पहाटेच आंघोळ केली. गाडी साडेनऊला होती. त्याआधी एक काम होतं.

ताईच्या खोलीत गेलो. खाटेवर सगळं मांडलेलं, उन्हाची तिरीप तोफांवर. खरं सांगतो, एक क्षण उभा राहिलो. मांडणी काही वाईट नव्हती. उजव्या बगलेला टेकाड होतं. तिथून घोडदळ सोडलं असतं तर कदाचित... जन्मभर ज्या दिवसाचं स्वप्न पाहिलं तो दिवस हात लांब करण्याच्या अंतरावर होता. बेचाळीस जण पाठीशी घेऊनही कदाचित जिंकलो असतो. आता ते कधीच कळणार नाही.

गिलचे उचलून पेटीत ठेवले. सगळे कृपाळू डोळ्यांनी बघत होते. मग माझे शिपाई. यमुना गुंडाळली. चिंचोके मोजून पितळी डब्यात टाकले, एक्केचाळीस भरले. गुडघ्यावर बसून खाटेखाली हात घातला, मागच्या पायाशी बेचाळिसावा सापडला. फळी काढून भिंतीशी उभी केली. गोधडी अंगणात नेऊन झटकली, तीन महिन्यांची धूळ आणि गुलाबी रंगाचे कण निघाले. खाटेवर नीट अंथरली.

कमला स्वयंपाकघरात होती. चुलीवर मोठं पातेलं भरून पाणी तापत होतं. दोघांच्या आंघोळी झालेल्या. विचारावंसं वाटलं, पण विचारायचं तोंड कुठे होतं?

"मी निघतो," म्हटलं. "तिळगूळ दे चार. ताईला... जाऊन तिच्या पाया पडतो. ती आली तर घेऊनच येतो. नाही आली तर तिथेच बसून राहीन."

कमलाने माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बायको म्हणून. "नऊपर्यंत थांबा."

"गाडी चुकेल."

"हवालदार येऊन जाऊ देत."

"आज लढाई नाही! सांग त्यांना. मोहीम मोडली."

"थांबा म्हणते ना, मेलं!"

चपला घालून ओटीवर उभा राहिलो. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. आधी हवालदार उतरले. गणवेशाचा जुना खाकी स्वेटर, खांद्यावर एक वळकटी. वळकटी फाटकालगतच्या दगडी गडग्यावर ठेवून ते रिक्षाच्या दाराशी पाठमोरे वाकले, आणि आतून दोन सुरकुतलेले हात त्यांच्या गळ्याभोवती आले.

आमच्या ओटीला तीन पायऱ्या. अब्दाली त्या जपून, एकेक करून चढत होता. पाठुंगळीला भाऊबिजेचं नवं लुगडं नेसलेली ऐंशी वर्षांची बाई, पोरीएवढी हलकी झालेली.

"वहिनी, हुकूम बजावला," हवालदार धापा टाकत म्हणाले. "आनि मास्तर, ह्या बाईंनी वाटेत माझे तीन चुकलेले गण पकडले. मी पोवाडा म्हनत हुतो."

मी पुढे झालो. ताईने त्यांच्या खांद्यावरून मान काढली आणि मला नीट न्याहाळलं. मुठीत चुरगळलेला कागद होता. तो तिने माझ्यापुढे धरला, अगदी शाळेत वही तपासायला पुढे करावी तसा.

"चिंतू," ती म्हणाली, "पंधरा दिवसांचं धान्य आज संपलं रे."